अकस्मात मृत्यू रजिस्टर

१ जुलै २०२५, मुखेड

नवे फौजदारी कायदे लागू होऊन आज वर्ष झाले. ठाण्याच्या आवारात फलक, समोर दहा-बारा खुर्च्या, शाळेची मुले. कार्यक्रम अर्ध्या तासात उरकला. चहा चांगला होता.

बसस्थानकाच्या मागे खोली मिळाली. घरमालकीण म्हणाल्या, "पोलिसातल्या का?" नाही म्हटले. "मग वकील?" तेही नाही. संशोधन म्हटल्यावर त्यांनी विषय बदलला, पाणी एक दिवसाआड येते म्हणाल्या.

या वहीत ठाण्याचे नाव नाही, माणसांची नाही. तालुक्यातले एक ठाणे, एवढेच.

२ जुलै

कलम १७६, पोटकलम ३. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता. सात वर्षे किंवा त्याहून जास्त शिक्षेचा गुन्हा असेल तर न्यायसहायक तज्ज्ञ घटनास्थळी येणार, पुरावा गोळा करणार, चित्रीकरण होणार. राज्यांना तयारीसाठी पाच वर्षे. माझा अभ्यास याच कलमाचा. तज्ज्ञ तालुक्यात पोचतो का, केव्हा, कशाने.

जानेवारीत मुंबईत फिरत्या प्रयोगशाळांच्या गाड्यांना झेंडा दाखवला. योजना २५९ गाड्यांची. ठाण्यात विचारले. एकाने मोबाइलवर गाडीचा फोटो दाखवला.

४ जुलै

जमादार म्हणाले, "मॅडम, खून बघायचे का मरणं बघायची?"

फरक कळला नाही. त्यांनी कपाटातून दुसरे रजिस्टर काढले. अकस्मात मृत्यू. खुनाच्या फायली एका हातात मावतात, हे दोन्ही हातांनी उचलावे लागले. विहीर. वीज. साप. गळफास. औषध. औषध. औषध.

शेवटचा रकाना सीए रिपोर्टचा, म्हणजे रासायनिक विश्लेषणाचा. बहुतेक ओळींत कोरा.

६ जुलै

आषाढी आणि मोहरम एकाच दिवशी. सगळे ठाणे बंदोबस्ताला.

९ जुलै

शवविच्छेदन गृहाबाहेर दोन तास. डॉक्टर तरुण, बंधपत्रावर आलेले. विचारायच्या आधीच सांगू लागले. जठर आणि त्यातला ऐवज एका बरणीत, लहान आतड्याचा तुकडा त्यातच. यकृत, प्लीहा, मूत्रपिंड दुसरीत. वरून मिठाचे संपृक्त पाणी. बरणी काठोकाठ भरायची नाही, आत वायू धरतो, झाकण उडते. नुसत्या मिठाच्या पाण्याची एक बाटली वेगळी, तुलनेसाठी. रक्त वेगळे. मग कापड, दोरा, लाख, मोहोर. मोहोरेचा नमुना स्वतंत्र कागदावर, तो जुळला नाही तर बरणी परत.

कापायचे काम सफाई कामगाराचे. सगळा क्रम त्याला पाठ. डॉक्टर बोलत होते तेव्हा त्याचे हात पुढच्या पायरीवर गेलेले असायचे. त्याचे नाव कुठल्याच कागदावर येत नाही.

मीठ संपले होते. जमादारांनी समोरच्या किराणा दुकानातून मागवले. पैसे त्यांचे.

अहवालात मृत्यूच्या कारणापुढे लिहिले: व्हिसेरा राखून ठेवला, मत राखीव.

१४ जुलै

ठाण्यात वाद. फौजदारांचे म्हणणे, झडतीचे चित्रीकरण ई-साक्ष्य अ‍ॅपवर चढवले की संपले. मी साक्ष्य अधिनियमाचे कलम ६३ काढले. हॅश मूल्यासह प्रमाणपत्र लागते.

मग जालन्याची हकीकत सांगितली. २०१४ ची विधानसभा. अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले, कैलास गोरंट्याल उच्च न्यायालयात गेले. खोतकरांचा उमेदवारी अर्ज वेळ टळल्यावर घेतला का, हा मुद्दा. उत्तर निवडणूक अधिकाऱ्याच्या दालनातल्या चित्रीकरणात. चित्रीकरण मिळाले, त्याचे प्रमाणपत्र मागूनही मिळेना. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. निकाल १४ जुलै २०२० चा, आज बरोबर पाच वर्षे: प्रमाणपत्र हवेच, पण मागणाऱ्याने सगळे प्रयत्न करूनही समोरचे कार्यालय देत नसेल तर त्याचा भुर्दंड मागणाऱ्यावर नको.

फौजदार म्हणाले, "म्हणजे हा ताप जालन्यानं लावून दिला." मीही हसले.

१७ जुलै

मुद्देमाल खोली. दारूचे कॅन, चिठ्ठी बांधलेली कुऱ्हाड, एकावर एक रेलून ठेवलेल्या मोटारसायकली. खिडकीखाली लाखबंद बरण्या. पंखा नाही. कारकून म्हणाले, एका बरणीसाठी माणूस नांदेडला धाडणे परवडत नाही, चार-पाच जमल्या की जातो.

एका बरणीची चिठ्ठी वाचली. मार्च. पुढे वाचले नाही.

२२ जुलै

पोलीस पाटलांनी एका घरी नेले. बाई तिशीच्या. दोन लेकरे, सासू ओट्यावर. नवरा गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात कापसावर फवारणी करून आला, रात्री उलट्या, सकाळपर्यंत संपला.

"पंप गळलालता. पाठ पार भिजलेली. मी म्हनलं आंघोळ करा आधी. म्हनले, जेवतो मग करतो."

शेतकरी अपघात सानुग्रह अनुदान, गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची योजना. मृत्यूला दोन लाख. विषबाधा असेल तर रासायनिक विश्लेषणाचा अहवाल जोडावा लागतो. आत्महत्या असेल तर ही योजना लागू नाही.

"कृषी हापिसात म्हनलाले पोलिसाकडं जा. पोलिस म्हनलाले रिपोर्ट आला नाही. ताई, तुम्ही त्याच कामाच्या का?"

त्याच कामाची नाही, असे सांगितले. सासूने मान वळवली.

२३ जुलै

मार्गदर्शकांचा फोन. सरांचे म्हणणे: तुमचा विषय गुन्हे तपास, अपघात नाही. अर्थसाहाय्य १७६(३) साठी आहे. बरोबर आहे त्यांचे.

२४ जुलै

प्रश्नावलीत सात वर्षांवरचे गुन्हे मोजायचे, म्हणून मोजले. या ठाण्यातून प्रयोगशाळेकडे जाणाऱ्या बहुतेक बरण्या गुन्ह्याच्या नाहीतच. धोरण खुनासाठी लिहिले, खेपा अकस्मात मृत्यूच्या. रांग एकच.

२९ जुलै

नागपंचमी. वारुळाशी बायकांची गर्दी. मुखेडला या सणाचा अर्थ जरा वेगळा. डॉ. दिलीप पुंडे इथले, सर्पदंशाच्या उपचारासाठी आजूबाजूचे जिल्हे ओळखतात. दहा वर्षांच्या अनुभवावरचा त्यांचा लेख २००५ साली नॅशनल मेडिकल जर्नल ऑफ इंडियात आला. तालुक्याच्या गावातून. आमच्या क्षेत्रात तालुक्यातून काय छापून येते? तालुका हे आमचे नमुन्याचे ठिकाण असते.

जमादार म्हणतात, सापाच्या केसला व्हिसेरा पाठवला की हमखास "विष आढळले नाही" येते. येणारच. नेहमीच्या रासायनिक तपासणीत सापाचे विष सापडत नाही, त्याला वेगळी चाचणी लागते. तरी बरणी भरतात, लाख लावतात, पाठवतात. जे तपासता येत नाही ते रांगेत, जे तपासता येते ते त्याच्या मागे.

३० जुलै

परभणीची बातमी. सोमनाथ सूर्यवंशी कोठडी मृत्यू प्रकरणात गुन्हा नोंदवण्याचा औरंगाबाद खंडपीठाचा ४ जुलैचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने कायम ठेवला. राज्याची याचिका फेटाळली. मृत्यू १५ डिसेंबर २०२४ चा. शवविच्छेदन परभणीत नाही, छत्रपती संभाजीनगरला झाले, कॅमेऱ्यासमोर. प्राथमिक कारण: अनेक जखमांमुळे बसलेला धक्का.

ठाण्यात आज कोणी टीव्ही लावला नाही. मीही विषय काढला नाही. काढायला हवा होता की नको, रात्रभर डोक्यात.

शवविच्छेदन दूर नेले म्हणून कागद टिकला, की माणसे रस्त्यावर उतरली म्हणून? मुखेडच्या तांड्यावरच्या माणसासाठी दोन्ही होत नाही.

५ ऑगस्ट

पुन्हा त्या बाईंच्या घरी. गेल्या वेळी सुचले नाही ते विचारले. नवऱ्याच्या अंगातला सदरा कुठे?

"धुतला की. दहाव्याला देऊन टाकला."

पोलिसांनी मागितला होता का? नाही. पंप? पंप आहे. न्हाणीच्या मागे, उलटा. झाकणाचा वायसर खरोखर गेलेला. कोणी पाहायला आले नव्हते.

यवतमाळ, २०१७. फवारणी करताना वीसच्या वर शेतकरी-मजूर गेले, विशेष तपास पथक नेमले, मास्क आणि हातमोजे वाटले. तेव्हाही बातम्यांत बाटल्यांची नावे यायची. कपडे कोणी जप्त केले का, हा प्रश्न मला आठवत नाही. कातडीतून गेलेल्या विषाचा पहिला पुरावा कपडा.

७ ऑगस्ट

पोलीस पाटलांशी बोलणे. ग्राम पोलीस अधिनियम १९६७ चा. गावात काही घडले तर पहिला पोचणारा माणूस हा. तज्ज्ञ येईपर्यंत जागा राखणारा हाच. प्रशिक्षण? एकदा तालुक्याला बोलावले होते, जेवण होते, भाषण होते. विचारले, जागा कशी राखता? "चपला काढून उभं राहतो. लोकांला लांब करतो. बाया ऐकत न्हाईत."

१७६(३) च्या कुठल्याही सादरीकरणात हा माणूस नाही.

११ ऑगस्ट

बरण्यांबरोबर नांदेड. खोके जमादारांच्या मांडीवर, एसटीत, खिडकीकडच्या सीटवर. कंडक्टरने वास घेतल्यासारखे केले. वास नव्हता. कंधारला चहा, खोके घेऊनच उतरले. नजरेआड करायचे नाही, हा त्यांचा स्वतःचा नियम. ताब्याची साखळी म्हणून आम्ही प्रशिक्षणात जे शिकवतो ते एसटीत असे दिसते.

प्रादेशिक प्रयोगशाळेची खिडकी. वेगवेगळ्या ठाण्यांचे शिपाई, प्रत्येकाच्या पायाशी खोके. एका बरणीची मोहोर पुसट, परत. बाकीच्यांची पोच मिळाली. खिडकीतल्या बाईंनी जमादारांचे ठाणे विचारले, यादी पाहिली, आतून कागदांचा गठ्ठा आणून दिला. सही घेतली. जमादारांनी तो कॅरीबॅगेत घातला.

परतताना विष्णुपुरीच्या वैद्यकीय महाविद्यालयात न्यायवैद्यक विभागातल्या एका मैत्रिणीला भेटले. ती म्हणाली, आमच्या लोकांना रिक्त पदांवर बोलायला आवडते, कारण त्यात कोणाचा दोष नसतो.

१२ ऑगस्ट

ताप.

१५ ऑगस्ट

ध्वजवंदन. पाऊस.

१८ ऑगस्ट

रात्रभर कोसळला. वीज नाही, मोबाइल नाही. सकाळी समजले, मुक्रमाबाद मंडळात २०६ मिलिमीटर. लेंडी नदीचे पाणी रावनगाव, भासवाडी, भिंगेली, हसनाळमध्ये शिरले. माणसे अडकली. हसनाळला माणसे गेली. संभाजीनगरहून लष्कराची तुकडी निघाली म्हणतात.

ठाण्यात फक्त ठाणे अंमलदार आणि वायरलेस.

१९ ऑगस्ट

जमादार दुपारी आले. गुडघ्यापर्यंत चिखल. बोलले नाहीत. डबा उघडला, तसाच बंद केला.

घरमालकीण चपात्या लाटत होत्या, पाणी शिरलेल्या गावांसाठी. मीही बसले. गोल होत नव्हत्या, कोणी काही बोलले नाही.

२० ऑगस्ट

पंचनामे. घरांचे, जनावरांचे, माणसांचे. तलाठी, कृषी सहायक, पोलीस, सगळ्यांच्या हातात कोरे कागद. पुरात गेलेल्या माणसाच्या वारसाला आपत्ती निधीतून चार लाख. कारण डोळ्यासमोर आहे, बरणी नांदेडला जाऊन यायची वाट नाही. मिळालेच पाहिजेत. पण ओट्यावरची ती सासू सारखी आठवते.

२२ ऑगस्ट

पोळा. तालुक्यात कितीतरी गोठ्यांत बैल नाही.

२५ ऑगस्ट

जमादारांच्या कपाटात ती कॅरीबॅग. पुराच्या धांदलीत राहून गेली होती. माझ्यासमोर उघडली. गठ्ठ्यातला चौथा अहवाल फवारणीनंतर गेलेल्या त्या माणसाचा.

अहवालावर सही फेब्रुवारीची.

जमादार बराच वेळ कागद धरून बसले. मग म्हणाले, "मॅडम, आम्ही तिला जूनपर्यंत सांगलालतो, आला नाही म्हणून." खरेच आला नव्हता. कोणी आणला नव्हता.

२६ ऑगस्ट

अहवाल: जठर, आतडे, यकृत, मूत्रपिंड, सर्वांत प्रोफेनोफॉस हे ऑर्गॅनोफॉस्फरस गटातले कीटकनाशक आढळले. प्रमाण नाही. प्यायला की अंगातून भिनले, यावर शब्द नाही. तो रसायनतज्ज्ञाचा प्रश्नही नाही. घटनास्थळाचा प्रश्न.

आता अंतिम मत डॉक्टरांचे. ज्यांनी शवविच्छेदन केले ते बंधपत्र संपवून पुढच्या शिक्षणाला गेले. अधीक्षक म्हणाले, नोंदी पाहून देतो, उद्या गणपती आहेत, नंतर या.

२ सप्टेंबर

अंतिम मत मिळाले. कीटकनाशकाच्या विषबाधेने मृत्यू. एक ओळ.

मरणोत्तर पंचनामा आज पहिल्यांदा नीट वाचला. "सदर इसमाने विष प्राशन केल्याने." कोणी सांगितले? पंचांनी नाही. बायकोचा जबाब नंतरचा, त्यात फवारणी आहे, गळका पंप आहे. मग हे वाक्य कुठून? मागे गेले. रुग्णालयाच्या एमएलसीत (वैद्यकीय-कायदेशीर नोंदीत) रात्री ड्यूटीवरच्या कोणीतरी लिहिलेले. आणणारा शेजारी म्हणाला असेल "औषध", त्यांनी पुढचे भरले. पंचनामा एमएलसीवरून, पत्र पंचनाम्यावरून, बरणीबरोबरचा फॉर्म पत्रावरून. सगळीकडे तेच वाक्य. मृत्यू अपघाती की आत्महत्या, हे पहिल्याच रात्री लिहून झाले होते. बरणी तेव्हा भरलीही नव्हती.

४ सप्टेंबर

शरद बिरधीचंद सारडा खटल्याचा निकाल, १९८४. मृत्यू पुण्यात, मेलेली मुलगी बीडची. खालच्या न्यायालयाने फाशी दिली, सर्वोच्च न्यायालयाने सोडले. विष देऊन खून सिद्ध करायचा तर चार गोष्टी: हेतू, मृत्यू विषानेच झाला, विष आरोपीकडे होते, ते देण्याची संधी त्याला होती. आरोपीला इतके संरक्षण हवेच. दुसऱ्या बाजूला मेलेला माणूस स्वतःच विष प्याला, हे सिद्ध करायला एक क्रियापद पुरते.

८ सप्टेंबर

नव्या संहितेतल्या मुदती एका कागदावर काढल्या. बलात्कार पीडितेचा वैद्यकीय अहवाल: सात दिवस. तपासाची प्रगती फिर्यादीला कळवणे: ९० दिवस. अकस्मात मृत्यूचा पोलीस अहवाल दंडाधिकाऱ्याकडे, कलम १९४: २४ तास. ही शेवटची मुदत नवीन आहे, चांगली आहे.

व्हिसेऱ्याला मुदत नाही. आणि अकस्मात मृत्यूत फिर्यादी नसतो, म्हणून ९० दिवसांनी बायकोला काही कळवायचे बंधन कोणावर नाही. २४ तासांत दंडाधिकाऱ्याकडे कागद जातो तो "मत राखीव" असलेला. नंतर घड्याळ थांबते.

११ सप्टेंबर

बाई, पोलीस पाटील आणि मी, कृषी कार्यालय. अधिकारी सभ्य. अहवाल पाहिला, अंतिम मत पाहिले, पंचनाम्यापाशी थांबले. "मॅडम, इथं प्राशन लिहिलंय. समितीत अडकेल."

जमादारांनी पुरवणी जबाब घ्यायचे कबूल केले. पंप जप्त करणार. वर्षानंतर.

बाईंनी विचारले, पंप दिला तर परत मिळेल का. यंदा कापसाला तोच वापरायचा आहे.

१२ सप्टेंबर

सरांना सात पानांचे पत्र. शीर्षक बदलायला परवानगी मागितली. उत्तर एका ओळीचे: आकडे आणा.

१७ सप्टेंबर

मुक्तिसंग्राम दिन. दशरथेश्वराच्या देवळापर्यंत चालत गेले. कोणी नव्हते. घरी फोन केला, आई म्हणाली, तिकडचे पाणी ओसरले का.

१८ सप्टेंबर

आकडे मिळाले, रजिस्टरांतूनच. प्रत्येक मृत्यूला चार तारखा: बरणी कधी भरली, ठाण्यातून कधी निघाली, प्रयोगशाळेत कधी सही झाली, ठाण्यात कधी आली. चारही तारखा एका ओळीत इथे कोणी मांडलेल्या नव्हत्या, कारण त्या तीन वेगळ्या कार्यालयांच्या वह्यांत आहेत. मांडल्यावर दिसते ते असे. प्रयोगशाळेतला काळ मोठा आहेच. पण तिच्या आधीचा आणि तिच्या नंतरचा काळ मिळून त्याच्या तोडीचा. त्यासाठी नवी इमारत लागत नाही, गाडी लागत नाही, पद भरावे लागत नाही.

जमादारांना कागद दाखवला. त्यांनी चष्मा लावून वाचला. "आमचं नाव नाही ना याच्यात?" नाही. "मग द्या धाडून."

२० सप्टेंबर

पुरवणी जबाब झाला. पंप जप्त, पंचनामा नीट, वायसरचा फोटो जोडला. दावा समितीपुढे जाणार. बाईंनी शेजाऱ्याचा पंप मागून आणला आहे. त्याचेही झाकण पाहिले. ठीक आहे.

२२ सप्टेंबर

शिफारशींचा मसुदा. १७६(३) चे प्रकरण ठेवले, ते खरेच महत्त्वाचे आहे, आणि गाड्या आल्याच पाहिजेत. त्याच्या आधी नवे प्रकरण घातले. अकस्मात मृत्यूची बरणी तीन दिवसांत ठाण्याबाहेर. तयार अहवालाचा संदेश ठाण्याला आणि त्याच वेळी वारसाच्या मोबाइलवर. फवारणीच्या हंगामात मरणोत्तर पंचनाम्यात कपडे, पंप आणि बाटली यांचे वेगळे रकाने. विष शरीरात कसे गेले हे ठरेपर्यंत एमएलसीत आणि पंचनाम्यात "प्राशन" लिहायचे नाही, "विषबाधेचा संशय" लिहायचे. यातल्या एकाही गोष्टीला नवा कायदा लागत नाही. गृह विभागाचे एक परिपत्रक पुरते, आणि ते पुढच्या फवारणीआधी निघाले पाहिजे.